हवालदाराच्या कमरेची किल्ली

आमच्या करवीर प्रांतात बंदोबस्ताचे शब्द नाना दिशांनी येऊन एकाच उंबऱ्यावर स्थिरावले आहेत. किल्ला हा अरबी 'कलआ'पासून आला, कुलूप हे अरबीतल्याच 'कुफ्ल'चे मराठी रूप, चावी पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्याच्या किनाऱ्याला उतरून घाट चढून वर आली. किल्ली तेवढी त्या मानाने घरची, आणि तिची बहीण 'कीली' गडहिंग्लजपलीकडच्या कन्नड मुलखात आजही नांदते. किल्ला आणि किल्ली यांचा रक्तसंबंध काही नाही, तथापि पन्हाळ्याच्या छायेत वाढलेल्या माणसाला ते दोन्ही शब्द एकाच घराण्यातले वाटावेत हे स्वाभाविक आहे. या साऱ्या परिवारात मला सर्वांत अर्थगर्भ वाटत आलेला शब्द मात्र निराळाच आहे, तो म्हणजे हवालदार. आज हा शब्द उच्चारला की पोलीसचौकीवरचा माणूस डोळ्यांपुढे येतो; मूळ अर्थ एवढाच, की ज्याच्या हवाली काही केले आहे तो. वस्तू त्याची नव्हे, जिम्मा त्याचा. मालकी आणि हवाला यांच्यामधले हे अंतर नीट राखण्यासाठी आमच्या पूर्वजांनी जी बुद्धी खर्च केली, तिचा इतिहास लढायांच्या इतिहासापेक्षा कमी वाचला जातो, याची मला नेहमी खंत वाटत आली आहे.

गेल्या पावसाळ्यात माझे एक चुलते वारले. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी एक लोखंडी तिजोरी होती, तिच्या दोन किल्ल्या होत्या, एक काकूंच्या कमरेला आणि दुसरी देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात. ती तिजोरी दिवसकार्य उरकल्यावर काही अडचण न येता उघडली. परंतु त्यांच्या व्यवहाराचा मोठा भाग त्या तिजोरीत नव्हताच. विमा, निवृत्तिवेतन, भागरोखे, विजेचे देयक, मुलांशी झालेला पत्रव्यवहार, नातवंडांची छायाचित्रे, हे सारे एका फोनच्या आत होते, आणि त्या फोनची किल्ली त्यांच्या बोटाच्या ठशात व त्यांच्या स्मरणात होती. ती दोन्ही पंचगंगेच्या काठी त्यांच्याबरोबरच गेली. पुढे कित्येक महिने घरच्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. ते पाहून माझ्या पुतणीने मला विचारले, "काका, मी पासवर्ड मॅनेजर घ्यायचं म्हणतेय, पण कोणता घेऊ तेच कळत नाही." असंख्य परवलीचे शब्द एका कुलूपबंद पेटीत ठेवून त्या पेटीला एकच किल्ली लावणारी जी यंत्रणा, तिला आज हे नाव आहे. प्रश्न तिने संगणकाच्या जाणत्याला विचारायचा, तो जुन्या कागदपत्रांत आयुष्य घालवलेल्या माणसाला विचारला. मी उत्तरासाठी चार दिवस मागून घेतले, आणि त्या चार दिवसांत जसजसा विचार करीत गेलो तसतशी माझी खात्री होत गेली, की हा प्रश्न पन्हाळ्यावर पूर्वीच विचारला गेला आहे.

शिवकालीन गडाची व्यवस्था कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत नोंदवली आहे. ही बखर त्याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली. तीवरून दिसते ते असे, की प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तीन अंमलदार सारख्या दर्जाचे असत आणि गडाचा कारभार तिघांनी मिळून करावयाचा असे. धान्य, दारूगोळा व इतर सामग्रीचा हिशेब कारखानिसाकडे असे. हवालदार व सरनोबत मराठे, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू, अशी योजना हेतुपुरस्सर केलेली होती. एकाच जातीच्या, एकाच नात्यागोत्याच्या माणसांच्या हाती सारा गड जाऊ नये, आणि एकाच्या मनात फितवा शिरला तरी उरलेल्यांच्या नजरेतून तो सुटू नये. दरवाजे दिवेलागणीस लावणे, पहाटे उघडणे आणि किल्ल्या आपल्याजवळ बाळगणे हे काम हवालदाराचे. कुलूप लागले की नाही हे त्याने दुसऱ्यावर न सोपवता आपल्या हाताने ओढून पाहावे अशी अपेक्षा असे. हजेरीपट आणि लिहिणे सबनिसाकडे, पहारे सरनोबताकडे. किल्ली एकाकडे, नोंद दुसऱ्याकडे, आणि शस्त्र तिसऱ्याकडे. कोणाही एकाजवळ गड उघडून देण्यास पुरेसे असे काही नाही, आणि तिघे मिळूनही ते गडाचे मालक नाहीत.

या व्यवस्थेची तात्त्विक मांडणी ज्या ग्रंथात आली, तो आमच्या करवीर राज्याचाच आहे, याचा उल्लेख मी अभिमानाने करतो. रामचंद्र नीळकंठ, म्हणजे बावडेकर अमात्य, यांचे 'आज्ञापत्र' १७१५ सालचे, पन्हाळ्याच्या गादीवर राजाराम महाराजांचे पुत्र संभाजी महाराज असतानाचे. ज्या पुरुषाने ते लिहिले त्याला हवाला म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. राजाराम महाराज १६८९ साली जिंजीकडे निघाले तेव्हा मागे राहिलेल्या संपूर्ण मराठी मुलखाचा भार त्यांनी 'हुकूमतपनाह' हा किताब देऊन या अमात्यांच्या शिरावर ठेवला होता. धनी शेकडो कोसांवर, औरंगजेबाची फौज दाराशी, आणि राज्याच्या साऱ्या किल्ल्या एका सेवकाच्या हाती, अशा स्थितीत वर्षानुवर्षे जगलेल्या माणसाने दुर्गांविषयी जे लिहिले ते एकेका शब्दासाठी तोलून घ्यावे अशा योग्यतेचे आहे.

अमात्य सांगतात, की गडाला एकच दरवाजा असणे हे मोठे वैगुण्य आहे. यास्तव जागा पाहून अधिक दरवाजे आणि चोरदिंड्या करून ठेवाव्या, नित्याच्या राबत्याला लागतील तेवढ्या मोकळ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्या, म्हणजे प्रसंगी त्या उपयोगी पडतात. प्रथमदर्शनी हे विधान विचित्र वाटते. दरवाजे जितके कमी तितका गड बळकट, असे कोणीही म्हणेल. परंतु अमात्यांच्या मनात गडाचा विचार केवळ बाहेरच्या शत्रूच्या अंगाने नव्हता. आतल्या माणसाला बाहेर पडता आले पाहिजे, मुख्य वाट बंद झाली तर मालकाने आपल्याच घरात कोंडून पडू नये, हाही त्यांना बंदोबस्ताचाच भाग वाटत होता. पाण्याविषयी त्यांचे धोरण याच जातीचे आहे: झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, युद्धात तोफांच्या हादऱ्याने तो आटू शकतो, म्हणून साठ्याची टाकी निराळी राखावी. अंमलदारांच्या बदल्या मुदतीने कराव्या, त्याही सर्वांच्या एकाच वेळी नव्हे. हे सारे वाचताना मला नेहमी जाणवते, की या लेखकाचा विश्वास माणसांवर नव्हता असे नाही. तो विश्वास त्याने एका जागी साठवून ठेवला नव्हता, इतकेच.

दिंडीचे महत्त्व पन्हाळ्याला लिहून सांगावे लागत नाही. सिद्दी जौहरच्या वेढ्यात १६६० सालच्या १२ जुलैच्या रात्री, मुसळधार पावसात, शिवाजी महाराज राजदिंडीने बाहेर पडून विशाळगडाच्या वाटेला लागले, आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी देह ठेवला. त्याच रात्री दुसऱ्या पालखीत नेबापूरचा शिवा काशीद महाराजांच्या वेषात बसून शत्रूच्या हाती गेला. मी पन्हाळ्यावर जातो तेव्हा त्याच्या स्मारकापाशी क्षणभर थांबल्याशिवाय पुढे जात नाही. जौहरच्या माणसांनी चेहरा पाहिला, पोशाख पाहिला, पालखी पाहिली, आणि ओळख पटली असे मानले. ओळख पटवण्याची तेवढीच साधने त्यांच्यापाशी होती, आणि त्या साधनांची दुर्बलता एका नाभिकाने प्राण देऊन आपल्या धन्याच्या कामी लावली. चेहऱ्यावरून ओळखणे किती फसवे असते याचे याहून पवित्र उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढे १६७३ च्या मार्च महिन्यात कोंडाजी फर्जंदाने अवघे साठ गडी घेऊन रात्री कडा चढून हाच किल्ला आदिलशाहीकडून परत मिळवला. त्या रात्री पन्हाळ्याच्या दरवाज्यांची कुलुपे शाबूत होती आणि किल्ल्याही जिथल्या तिथे असतील; कडा चढता येत नाही या समजुतीवर ज्या बाजूला पहारा सैल होता, तेथून गड गेला. आणि १७१४ साली याच पन्हाळ्यावर राजसबाई आणि त्यांचे पुत्र संभाजी महाराज यांनी सत्ता हाती घेतली आणि ताराराणी व त्यांचे पुत्र बंदिवासात पडले, तेव्हा तर कडाही कोणी चढले नाही. जे घडले ते सारे दरवाज्याच्या आत. एकाच किल्ल्याच्या चोपन्न वर्षांत या तीन रात्री. त्यांच्याकडे पाहिल्यावर कुलूप किती लिवरचे आहे हा प्रश्न फार लहान वाटू लागतो.

करवीरात काही गोष्टी कुलपाने राखल्या जात, काही लपवून. तीन दरवाज्यापाशी अंधारबाव आहे. वरून इमारत, पोटात विहीर, म्हणजे पाण्याचा ठिकाणा परक्याला सहजी कळू नये. आक्रमणाच्या काळात अंबाबाईची मूर्ती देवळातून हलवून पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवण्यात आली होती, आणि संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत सिदोजी हिंदुराव घोरपडे यांच्याकडून ती पुन्हा देवळात स्थापन झाली. त्या मधल्या काळात तिचा ठाव किती थोड्या माणसांना ठाऊक असेल, आणि त्यांतला प्रत्येक जण मरताना ते गुपित कोणाच्या कानात सांगून गेला असेल, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. लपवण्याचा गुण हाच त्याचा दोषही आहे: जाणणारे उरले नाहीत तर वस्तू असूनही गेली, आणि एकाने तोंड उघडले तर सारे संपले. किल्ली बदलता येते, लपवलेली जागा एकदा फुटली की बदलता येत नाही. ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषापंडिताने १८८३ साली सैनिकी गुप्तलेखनाविषयी लिहिताना हाच विचार शास्त्राच्या पायरीवर नेला. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहायचे ते किल्लीने, असे त्याचे मत होते. आजचे संकेतशास्त्र त्याच पायावर उभे आहे.

गडावरून कागदाकडे वळले तरी तीच बुद्धी दिसते. छत्रपतींच्या आज्ञापत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी 'मर्यादा', म्हणजे मोर्तब. ते एवढ्यासाठी, की त्याखाली कोणाला एक ओळही वाढवता येऊ नये. लांब कागद चिकटवून केलेल्या बंदाच्या जोडावर मागील बाजूस शिक्का उठवीत, म्हणजे मधलाच एखादा ताव काढून दुसरा बसवता येत नसे. अक्षर एकाचे, शिक्का दुसऱ्याच्या ताब्यात, आणि 'रुजू' म्हणून दप्तरात नोंद करणारा तिसरा. आमच्या सराफ-सावकारांनी हुंडीच्या बाबतीत याहून सूक्ष्म विचार केला होता. शाहजोग हुंडीचे पैसे वाटेल त्याला मिळत नसत. बाजारात ज्याची पत आहे अशा शाहाच्या हस्तेच ती वटे. हुंडी वाटेत गहाळ झाली तर 'पेठ' लिहून मिळे, पेठ हरवली तर 'परपेठ'. कागद हरवणार, घोडा नदीत बुडणार, जासूद आजारी पडणार, हे गृहीत धरूनच तो व्यवहार उभारलेला होता. कागद हरवलेल्या माणसाला अपराधी न ठरवता त्याला परत आत घेण्याची सन्मानाची वाट त्यात आधीपासून आखून ठेवलेली होती. ज्या कोणी प्रथम पेठ लिहिली त्याचे नाव आपल्याला माहीत नाही. माझ्या मते त्याची योग्यता एखाद्या दुर्गकाराहून कमी नव्हे.

आता हवाल्याची दुसरी, कटू बाजू. इंग्रजांच्या दबावाखाली कोल्हापूरच्या कारभारावर १८४३ साली दाजी कृष्ण पंडित यांची नेमणूक झाली, आणि त्यांनी राज्यात ज्या सुधारणा आरंभल्या त्यांत गडांकडे चालत आलेल्या जमिनींची व्यवस्था गडकऱ्यांच्या हातून काढून मामलेदारांकडे दिली. गडकरी म्हणजे पिढ्यान् पिढ्या त्या त्या गडावर राहून तो राखणारी माणसे. त्यांचे इमान आणि त्यांची भाकरी एकाच जमिनीत रुजलेली. १८४४ च्या जुलै महिन्यात सामानगड आणि भुदरगड येथील गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले आणि आपल्याच सरकारला आत येऊ दिले नाही. लोण पन्हाळ्यापर्यंत पोहोचले. इंग्रजी फौजेने ऑक्टोबरात सामानगड आणि १ डिसेंबरला पन्हाळा घेतला. त्यानंतर राज्यातील गडांची मोडतोड झाली, वंशपरंपरेची शिबंदी बरखास्त झाली, आणि पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडण्यात आला. त्या गडकऱ्यांविषयी माझ्या मनात सहानुभूतीच आहे. त्यांचा अन्नाचा घास काढून घेतला गेला होता आणि त्यांनी जे केले ते परक्या सत्तेविरुद्धच्या झुंजीचा एक अध्याय ठरले. परंतु त्याच वेळी इतिहासकाराला हेही नोंदवावे लागते, की हवाला वंशपरंपरेने एकाच घराकडे राहिला म्हणजे किल्ली आणि मालकी यांतली रेषा पुसट होते, आणि मग ती किल्ली परत मागण्याची वेळ आली की युद्धाशिवाय ती मिळत नाही.

गावगाड्यात हेच दृश्य शांतपणे, बंदुकीवाचून, पण अधिक खोलवर नांदत होते. कुलकर्ण्याचे दप्तर म्हणजे गावाची स्मृती. कोणाची जमीन कोणती, सारा किती, गहाण कोणाकडे, वाटणी केव्हा झाली, हे सारे मोडी अक्षरात, तांबड्या रुमालात बांधलेले, त्याच्या माडीवर. शेतकरी जमिनीचा धनी खरा, पण आपल्या धनीपणाचा पुरावा वाचायलासुद्धा त्याला कुलकर्ण्याच्या ओटीवर जाऊन उभे राहावे लागे. कित्येक कुलकर्णी सचोटीचे होते. तथापि सचोटी ही व्यक्तीची असते आणि वतन घराण्याचे असते, आणि ते बदलता येत नसे. ज्याला वाचता येत नाही त्याने आपले दप्तर दुसरीकडे न्यावे तरी कोठे? शाहू छत्रपतींनी १९१८ साली आपल्या राज्यातील कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले, ते पाऊल सामाजिक न्यायाच्या दृष्टीने विख्यात आहेच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्यांनी दप्तर राखणारा बदलता येईल असे केले. मुंबई राज्यात हीच गोष्ट कायद्याने होण्यास १९५० साल उजाडावे लागले. अमात्यांनी वतनदारांना लहानसहान राजे म्हणून ओळखले होते आणि त्यांना आवरून धरण्याचा इशारा दिला होता. दोनशे वर्षांनंतर त्याच गादीवरच्या राजाने तो इशारा एका बाबतीत तडीस नेला.

संगणकाच्या जगात परवलीचा शब्द शिरला तो १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत. एकच यंत्र अनेकांनी वाटून वापरायचे, म्हणून फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येकाला आपापला शब्द दिला. १९६२ साली ॲलन शेर या तेथल्याच संशोधकाने यंत्रावर अधिक वेळ मिळावा म्हणून साऱ्यांच्या शब्दांची यादीच यंत्राकडून छापून घेतली, कारण ती यादी जशीच्या तशी एका जागी ठेवलेली होती. पन्हाळ्याच्या सबनिसाने हे ऐकले असते तर त्याने कपाळाला हात लावला असता. त्यानंतर शब्द जसाच्या तसा न ठेवता त्याचे परत न उलगडणारे रूप ठेवण्याची विद्या विकसित झाली. पण तोवर शब्दांची संख्या वाढू लागली, आणि माणसाची स्मृती होती तेवढीच राहिली. माणसे एकच शब्द दहा दरवाज्यांना लावू लागली. १९९७ साली ब्रूस श्नायर यांनी 'पासवर्ड सेफ' नावाची पेटी तयार केली, २००३ मध्ये 'कीपास' आली, आणि पुढच्या दशकात या पेट्या दूरच्या संगणकांवर राहणाऱ्या सेवा बनल्या. म्हणजे पुन्हा हवालदार आला.

या नव्या हवालदाराची उत्तम जात कोणती, हे आता सांगता येते. त्याच्याजवळ पेटी असावी, पण ती उघडण्याचे सामर्थ्य नसावे. चांगल्या व्यवस्थेत मुख्य शब्द कधी त्या कंपनीकडे जातच नाही. आपल्या फोनवर वा संगणकावर त्या शब्दापासून किल्ली घडवली जाते, पेटी तेथेच बंद होते आणि बंद अवस्थेतच बाहेर जाते. किल्ली घडवण्याची ही क्रिया मुद्दाम मंद ठेवलेली असते, म्हणजे चोराला एकेक शब्द लावून पाहण्यास युगे लागावीत. परंतु ही मंदता किती राखली आहे यावर सारे अवलंबून असते. लास्टपास या मोठ्या सेवेच्या बाबतीत २०२२ साली काय घडले ते प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. चोरांनी ग्राहकांच्या पेट्यांच्या प्रती पळवल्या. पेट्यांच्या किल्ल्या कंपनीकडे नव्हत्या, पण त्या प्रती जेथे साठवल्या होत्या त्या कोठाराच्या किल्ल्या ज्या चौघाच अभियंत्यांकडे होत्या त्यांतल्या एकाच्या घरच्या संगणकातून वाट मिळवण्यात आली. पेट्या बंद होत्या खऱ्या. तथापि कोणकोणत्या संकेतस्थळांच्या नोंदी आत आहेत ते वर उघडे लिहिलेले होते, आणि जुन्या ग्राहकांपैकी काहींच्या पेट्यांची मंदता काळाबरोबर वाढवलेली नव्हती. ज्यांचा मुख्य शब्द दुबळा त्यांची पेटी चोराच्या घरी, त्याच्या सवडीने फोडली जाणार. कडा आहे म्हणून पहारा सैल ठेवला, एवढाच या साऱ्याचा अर्थ.

पुतणीला मी जे सांगितले ते याच क्रमाने सांगितले. फोनबरोबर आयती येणारी गुगलची किंवा ॲपलची पेटी वाईट नाही, आणि ज्याला याहून अधिक खटाटोप झेपणार नाही त्याने ती अवश्य वापरावी. एकच शब्द सर्वत्र लावण्यापेक्षा ती कितीतरी बरी. पण टपाल, छायाचित्रे आणि परवलीचे शब्द, सारा राबता एकाच खात्याच्या दरवाज्यातून होतो, आणि ते खाते एके दिवशी बंद झाले तर दिंडी उरत नाही, हे ध्यानात ठेवावे. कीपासची पेटी ही आपल्या घरची तिजोरी: कोणा कंपनीचा संबंध नाही, एक फाइल, तिची किल्ली आपल्यापाशी. ज्याला नियमाने प्रती काढून ठेवण्याची सवय आहे त्याला याहून स्वतंत्र साधन नाही. ज्याला ती सवय नाही त्याचा फोन पाण्यात पडला की पेटीही बुडाली. मधला मार्ग बिटवर्डन किंवा वनपासवर्ड यांसारख्या सेवांचा. बिटवर्डन २०१६ पासून आहे, तिची घडण जाणत्यांना तपासता येईल अशी उघडी आहे, म्हणजे केर्कहॉफ्सच्या कसोटीला ती स्वतःहून उभी राहते. आणि तिच्या सशुल्क प्रकारात आपण नेमलेल्या माणसाला, ठरवलेले दिवस उलटल्यावर आणि आपण नकार न दिल्यास, आत येता येते. वनपासवर्ड पैसे घेते, पण मुख्य शब्दाच्या जोडीला एक लांब गुप्त किल्ली देते आणि ती कागदावर छापून ठेवण्याची सोय करते, म्हणजे पेटीची प्रत चोरीला गेली तरी केवळ शब्दाचा तर्क करून ती उघडत नाही. दोघींपैकी कोणतीही निवडली तरी आपल्या साऱ्या नोंदी बाहेर काढून दुसऱ्या पेटीत नेता येतात, आणि मी तिला सर्वांत आधी हेच करून पाहायला सांगितले: घेण्यापूर्वीच निघण्याची वाट चालून पाहा. जो राखणदार दप्तर परत देत नाही, त्याची सचोटी कितीही असो, तो कुलकर्णी वतनदार आहे.

मुख्य शब्दाविषयी मात्र माझे मत थोडे निराळे झाले. पूर्वी दर तीन महिन्यांनी शब्द बदलण्याची सक्ती कचेऱ्यांतून होत असे; अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ साली ती निष्कारण असल्याचे म्हटले आणि लांबीवर भर दिला. हवालदाराची बदली मुदतीने करणे शहाणपणाचे होते, कारण माणसाचे लागेबांधे काळाने वाढतात. शब्दाचे वाढत नाहीत. बदलाच्या सक्तीने माणसे जुन्याच शब्दाला एक आकडा जोडतात आणि चोराला तेवढाच आकडा शोधावा लागतो. तेव्हा चार-पाच असंबद्ध शब्दांचे एक लांब वाक्य करावे, ते इतर कोठेही वापरू नये, आणि पेटीला दुसरे कुलूप म्हणून वेगळ्या साधनावर उमटणारा अंक जोडावा. किल्ली हवालदाराकडे आणि हजेरी सबनिसाकडे, तसे. चेहऱ्याने वा बोटाने उघडणे रोजच्या सोयीपुरते ठीक, परंतु शिवा काशिदाच्या गडाखाली राहणाऱ्यांनी तेवढ्यावर विसंबू नये.

शेवटी तिने बिटवर्डन घेतले. मुलांची खाती, पतीची, आईची, आणि काकूंचीही त्यात आली. आपत्काळी आत येण्याचा अधिकार तिने आपल्या धाकट्या भावाला दिला, मुदत सात दिवसांची ठेवली. मुख्य वाक्य तिने एका कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिले, कागदाची घडी घातली, आणि पाकिटात घालून तोंडाशी लाख लावली. लाख आजच्या दिवसांत कोठे मिळते हे तिला ठाऊक नव्हते, ती मी गुजरीतून आणून दिली. पाकीट काकूंच्या लोखंडी तिजोरीत आहे, आणि त्या तिजोरीची दुसरी किल्ली अजूनही देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यातच आहे. फक्त आता ती तेथे आहे हे घरातल्या तिघांना माहीत आहे.